उस्ताद अहमदजान थिरकवा

गायनाची बैठक भरली म्हणजे श्रोत्यांचे डोळे गवयाकडे लागलेले असतात. त्याच्या उजव्या हाताला तबलजी बसलेला असतो. त्याच्या ठेक्यावाचून गवयाचे पाऊल पुढे पडत नाही. तरीही गाणे रंगले की वाहवा गवयाची होते. पूर्वी तर तबलजीची स्थिती याहून कष्टाची होती. बिदागी थोडी, बसण्याची जागा मागची, आणि जाहिरातीत नावही बहुधा नसे. ज्यांच्या बोटांनी ही स्थिती पालटण्यास मोठा हातभार लावला, त्या थोड्या वादकांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

उत्तर प्रदेशातील मुरादाबाद हे गाव पितळेच्या नक्षीदार भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे १८९२ च्या सुमारास अहमदजान यांचा जन्म झाला. घराणे वादकांचे होते. वडील हुसेन बक्ष सारंगी वाजवीत. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत कोणी ना कोणी गात किंवा वाजवीत असे. अशा घरात मुलाला संगीत शिकवावे लागत नाही. ते त्याच्या कानावर आपोआप पडत राहते. अहमदजान यांनी प्रथम गळ्याचे व सारंगीचे धडे घेतले. परंतु त्यांचे मन तबल्यावर जडले. घरातील वडीलधाऱ्यांनी ही ओढ ओळखली आणि तबल्याचे पहिले बोल त्यांच्या हातावर चढविले.

तबला हे वाद्य दिसण्यास साधे आहे. उजव्या हाताचा तबला शिसवीसारख्या कठीण लाकडाचा, तर डाव्या हाताचा डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा. दोहोंवर बकऱ्याच्या कातड्याची पुडी वादीने ताणून बसविलेली. पुडीवर जो काळा गोल दिसतो त्याला शाई म्हणतात. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे थरावर थर देऊन ती घोटलेली असते. या शाईमुळेच चामड्याच्या वाद्यातून स्वर निघतो, आणि म्हणूनच तबला गवयाच्या षड्जाशी जुळविता येतो. हातोडीने गठ्ठे वर-खाली केले की स्वर चढतो किंवा उतरतो. कडेला बोट पडले तर एक नाद, मधल्या भागावर पडले तर दुसरा, शाईवर पडले तर तिसरा. प्रत्येक नादाला अक्षर आहे : धा, धिन्, ना, तिट, तिरकिट. म्हणून तबला आधी तोंडाने म्हणावा लागतो आणि मग हाताने वाजवावा लागतो. ही भाषा शिकण्यास आयुष्य अपुरे पडते, हे अहमदजान यांना लहानपणीच कळून आले.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईस उस्ताद मुनीर खाँ यांचे शिष्य झाले. बारा वर्षांचे वय म्हणजे हा धडा वाचणाऱ्या मुलांचे वय. घरापासून शेकडो कोस दूर, परक्या भाषेच्या शहरात तो मुलगा गुरूच्या आधाराने राहू लागला.

मुनीर खाँ हे विलक्षण गुरू होते. त्या काळी तबल्याची विद्या घराण्याघराण्यांत बंदिस्त होती. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब अशी घराणी. प्रत्येकाची वाजविण्याची पद्धत निराळी आणि प्रत्येकाचा ठेवा कुलूपबंद. चांगली बंदिश परक्याला कोणी सहसा देत नसे. फरुखाबाद घराण्याचे मूळ पुरुष हाजी विलायत अली यांना लखनौच्या उस्तादांची कन्या दिली तेव्हा हुंड्यात पैशांऐवजी शेकडो गती मिळाल्या, अशी कथा तबलजी मोठ्या कौतुकाने सांगतात. गतीसुद्धा सोन्यासारख्या जपल्या जात, एवढे त्या कथेवरून निश्चित दिसते. अशा काळात मुनीर खाँ यांनी अनेक दारे ठोठावून विद्या मिळविली. त्यांनी चोवीस गुरू केले, असे म्हणतात. दिल्लीचे कायदे, अजराड्याची वळणे, लखनौ आणि फरुखाबादच्या गती, असे कितीतरी साहित्य त्यांच्यापाशी साठले होते आणि ते शिष्यांना देण्यास त्यांचा हात आखडत नसे. हाच ठेवा पुढे अहमदजान यांच्याकडे आला.

शिष्याने मात्र तो कष्टाने घेतला. तबल्याचा रियाज हा मोठा रुक्ष प्रकार आहे. एकच बोल तासन् तास वाजवावा लागतो. प्रथम अगदी सावकाश, मग थोडा जलद, मग दुपटीने. आणि कोठे एक अक्षर अस्पष्ट झाले की पुन्हा पहिल्यापासून. बोटांना भेगा पडतात, मनगट भरून येते. अहमदजान दिवसातील चौदा-सोळा तास तबल्यासमोर बसत, अशा आख्यायिका आहेत. आकड्यात थोडी अतिशयोक्ती असेलही. पण त्यांच्या हातातून निघणारा प्रत्येक बोल मोत्यासारखा सुटा व टपोरा असे, आणि असा हात थोड्या श्रमाने तयार होत नाही.

थिरकवा हे त्यांचे आडनाव नव्हे. थिरकणे म्हणजे लयीत नाचणे. मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ यांनी एकदा या मुलाचा रियाज पाहिला. तबल्यावर बोटे अशी लीलेने नाचत होती की वृद्ध उस्तादांच्या तोंडून सहज हा शब्द निघाला, असे सांगतात. शब्द चिकटला तो कायमचा. पुढे तर अनेकांना अहमदजान हे नाव ठाऊक नसे. थिरकवा म्हटले की पुरे.

तरुणपणी त्यांच्या आयुष्यात एक वळण आले, आणि त्या वळणामुळे महाराष्ट्राचे व त्यांचे नाते जडले. १९१३ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बालगंधर्वांना कोणतीही गोष्ट उणी चालत नसे. शालू खरे हवेत, अत्तर उंची हवे, गालिचे उत्तम हवेत. आणि साथीदारही पहिल्या प्रतीचे हवेत. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा, अशी साथ त्यांनी आपल्या मंडळीत आणली.

नाटकात तबला वाजविणे हे त्या वेळच्या उस्तादांना कमीपणाचे वाटे. मैफल राजेरजवाड्यांची, नाटक चार आण्यांच्या प्रेक्षकांचे! ज्याने बारा वर्षांचा असल्यापासून कायदे, रेले आणि गती यांचा डोंगर रचला, त्याने नाटकमंडळीबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडावे आणि रात्र-रात्र साधा ठेका धरून बसावे, हे पुष्कळांना विपरीत वाटले असेल. ज्यांना तबल्यातील थोडे कळते, त्यांना यातील अडचण लगेच ध्यानात येईल. हातात विद्या असली की ती दाखविण्याचा मोह होतो. रुक्मिणी आर्तपणे गात आहे आणि तबल्याने मध्येच आपली करामत सुरू केली, तर पदाचा रसभंग होतो. नाटकातील तबलजीला आपली विद्या मुठीत धरून बसावे लागते.

थिरकवांनी ही मूठ सांभाळली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले. खाडिलकरांचे नाटक, भास्करबुवा बखले यांचे संगीत आणि रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व. १९१९ मध्ये गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आले. त्यात बालगंधर्व सिंधू झाले. ‘मानापमाना’तील भामिनी ही त्यांची आधीपासूनच गाजलेली भूमिका होती. नाटके रात्री सुरू होत आणि पदांना पुन्हापुन्हा वन्स मोअर मिळून उत्तररात्र उलटे. प्रत्येक वन्स मोअरला बालगंधर्व तेच पद नव्या रीतीने रंगवीत. गाता गाता ते लयीशी लपंडाव खेळत. शब्द मात्रेच्या किंचित मागे ठेवीत आणि समेवर अचूक येत. सम म्हणजे तालाचा पहिला ठोका. त्रितालाच्या सोळा मात्रा फिरून आल्या की गाणारा आणि वाजविणारा दोघेही तेथे एकत्र भेटतात. बालगंधर्वांसारखा गाणारा असला की तबलजीला श्वासागणिक सावध राहावे लागते. थिरकवांचा ठेका एखाद्या भरीव जोत्यासारखा खाली असे, म्हणून त्यावर गायकाला निर्धास्तपणे खेळता येई. दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत ते एखादी लहानशी लग्गी वाजवीत आणि गायकाने तोंड उघडण्यापूर्वी पुन्हा ठेक्यावर येत. एवढ्या क्षणभरासाठीही प्रेक्षक त्यांच्याकडे कान लावून बसत. मराठी प्रेक्षकाला तबलजीचे नाव विचारण्याची सवय लागली, ती बऱ्याच अंशी येथे.

नाटकातील या वर्षांमुळे थिरकवांचे नुकसान झाले असे मानणारे पुष्कळ होते. वस्तुतः त्यांचा लाभच झाला असे म्हटले पाहिजे. पुढील आयुष्यात त्यांच्या स्वतंत्र वादनात जो गोडवा आणि गाण्यासारखी जी डौलदार चाल दिसे, ती नुसत्या रियाजाने येत नाही. ती उत्तम गाणे रोज जवळून ऐकल्याने येते.

पुढे थिरकवा मंडळीतून बाहेर पडले. नाटकमंडळ्यांचे दिवसही फिरले होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट निघाला. पडद्यावरची माणसे बोलू-गाऊ लागली आणि नाट्यगृहे ओस पडू लागली. १९३५ मध्ये स्वतः बालगंधर्वही ‘धर्मात्मा’ या बोलपटात संत एकनाथ झाले. कितीतरी नट आणि वादक त्या काळात निराधार झाले. थिरकवांना रामपूरच्या नबाबांचा आश्रय मिळाला, आणि १९३६ च्या सुमारास ते दरबारी वादक म्हणून तेथे गेले.

रामपूर हे संस्थान लहान. पण तेथील दरबार गुणिजनांचा होता. ख्यालगायक मुश्ताक हुसेन खाँ तेथे होते. कथकनृत्याचे आचार्य अच्छन महाराज तेथे होते. साध्या ठेक्यात मन गुंतविणाऱ्या हातांना आता सर्व विद्या उलगडण्याची मोकळीक मिळाली. समोरचे श्रोतेही असे की एक अक्षर घसरले तर त्यांच्या ते ध्यानात यावे.

त्यांच्या स्वतंत्र वादनाची रीत मोठी रेखीव असे. सारंगी किंवा हार्मोनियम एकच लहरा पुन्हापुन्हा वाजवीत राही. तो जणू तालाचे घड्याळ. थिरकवा प्रथम पेशकार सुरू करीत, सावकाश आणि झुलत्या चालीने. मग कायदा. कायद्यात चार-दोन बोलांचे एक वाक्य असते आणि त्याच बोलांची उलटापालट करून नवीनवी वाक्ये रचावयाची असतात. बाहेरचा बोल आत येऊ द्यावयाचा नाही. हा नियम कडक आहे म्हणून त्याला कायदा म्हणतात! मग रेला. त्यात बोल इतके जलद व अखंड वाहतात की ठोके निराळे ऐकू न येता एक धारच कानावर येते. शेवटी गती आणि तुकडे. मध्येच ते थांबत, बोल तोंडाने म्हणून दाखवीत आणि तेच तबल्यावर उमटवीत. ती पढंतसुद्धा ऐकण्यासारखी असे.

दिल्लीच्या तबल्यात दोन बोटांचे काम अधिक. नाद बंद आणि नाजूक. पूर्वेकडच्या लखनौ-फरुखाबादच्या तबल्यात पंजा आणि थाप यांचे काम अधिक. नाद खुला आणि घुमारदार. एका हाताला सहसा एकच वळण असते. थिरकवांच्या हातात ही दोन्ही वळणे होती, आणि एकातून दुसऱ्यात जाताना कोठे सांधा दिसत नसे. हात फारसे उचललेले दिसत नसत, चेहऱ्यावर आवेश नसे. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर टोपी आणि किरकोळ अंगकाठी. नवख्या माणसाला वाटावे की हे गृहस्थ स्वस्थ बसले आहेत. नाद मात्र साऱ्या सभागृहात भरून राही.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये रामपूरही भारतात विलीन झाले. दरबार संपले आणि दरबारी वादकांची रोजी संपली. आयुष्यात दुसऱ्यांदा थिरकवांचा आधार सुटला. आणि या वेळी वय पन्नाशीच्या पुढे गेलेले होते. त्यांच्या पिढीतील अनेक थोर वादक त्या दिवसांत विपन्नावस्थेत गेले. थिरकवांना लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात तबल्याचे अध्यापक म्हणून जागा मिळाली. हे महाविद्यालय १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने मॅरिस कॉलेज या नावाने सुरू झाले होते. भातखंडे मुंबईचे, तेथे दीर्घकाळ प्राचार्य असलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हेही मुंबईचेच. मुंबईत विद्या मिळविलेल्या मुरादाबादच्या वादकाला मुंबईकरांनी वाढविलेल्या संस्थेत स्थैर्य लाभले, हा योग मोठा मनोहर आहे.

कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढलेला हा मनुष्य महाविद्यालयात शिकवू लागला. घंटा झाली की वर्ग सुरू आणि घंटा झाली की वर्ग बंद, ही पद्धत घरी गुरुजवळ राहून शिकलेल्या उस्तादाला नवीनच होती. पूर्वी जी विद्या कुलूपबंद होती ती आता फळ्यासमोर बसलेल्या मुलामुलींना मिळू लागली. थिरकवा सर्वांनाच सर्व काही सांगत असत, असे नव्हे. आपल्या गुरूचा ठेवा ते पारखून देत. परंतु ज्याचा हात आणि चिकाटी त्यांना पसंत पडे, त्याला ते मोकळ्या मनाने शिकवीत.

त्यांच्या शिष्यांत मराठी मंडळी पुष्कळ होती. जगन्नाथबुवा पुरोहित हे पुढे गायनाचे थोर गुरू म्हणून आणि ‘गुणीदास’ या नावाने चिजा रचणारे म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी तबल्याचे शिक्षण थिरकवांकडे घेतले होते. फाळके यांच्या मूकपटात काम केलेल्या अभिनेत्री कमलाबाई गोखले यांचे पुत्र लालजी गोखले हे त्यांचेच शिष्य. ठाण्याचे भाई गायतोंडे प्रथम जगन्नाथबुवांकडे आणि मग थिरकवांकडे शिकले. बासरीवादक पन्नालाल घोष यांचे बंधू निखिल घोष यांनीही त्यांचे शिष्यत्व पत्करले आणि १९५६ मध्ये मुंबईत संगीत महाभारती ही संस्था स्थापन केली. मुनीर खाँ यांचे भाचे आणि थिरकवांचे गुरुबंधू अमीर हुसेन खाँ यांनी तर मुंबईतच राहून शिष्यांची मोठी फळी उभी केली. एका गुरूने चोवीस ठिकाणांहून आणलेली विद्या अशा रीतीने शेकडो हातांत पोहोचली.

मान-सन्मानही येऊ लागले. १९५३-५४ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. १९७० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली. ज्या वाद्याच्या वादकाला एकेकाळी मागे बसविले जाई, त्या वाद्याच्या स्वतंत्र वादनासाठी आता सभागृहे भरू लागली. मोठमोठ्या संगीतसभांत थिरकवांचे वादन हा निराळा कार्यक्रम असे. रेडिओवरून त्यांचा तबला दूरदूरच्या खेड्यांतही पोहोचला.

म्हातारपणी शरीर वाकले, चालताना आधार लागू लागला. रंगमंचावर येताना त्यांच्याकडे पाहून श्रोत्यांच्या मनात काळजी उत्पन्न होई. एकदा तबल्यापुढे बसून हातोडीने स्वर जुळविला की मात्र ती काळजी नाहीशी होई. वयाची ऐंशी वर्षे जवळ आली तरी तिरकिटाचे एकेक अक्षर निराळे ऐकू येई. वेग थोडा उणावला असेल. स्वच्छपणा उणावला नव्हता. त्या वयातील त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रणे आज उपलब्ध आहेत, आणि तबला शिकणारे विद्यार्थी ती ऐकून आपला हात तपासून पाहतात. बालगंधर्वांच्या जुन्या, जेमतेम तीन मिनिटांच्या काही तबकड्यांतही त्यांचा तरुण हात ऐकू येतो. तेथे करामत जवळजवळ नाहीच. आहे तो नुसता ठेका.

बालगंधर्व १९६७ मध्ये वारले. थिरकवांचे मुंबईशी असलेले नाते त्यानंतरही तुटले नाही. लखनौला घर आणि मुंबईला शिष्य, अशा त्यांच्या फेऱ्या शेवटपर्यंत चालू होत्या. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी ते मुंबईची गाडी गाठण्यासाठी घरातून निघाले होते, असे सांगतात.